मेकॅनिक स्टेथोस्कोप: इंजिनमधली टकटक शोधायला घ्यावा का? वापरून झाल्यावरचं मत

मेकॅनिक स्टेथोस्कोप म्हणजे काय ते आधी थोडक्यात, कारण फोटो बघून बऱ्याच जणांना वाटतं की हा डॉक्टरांचाच आहे. कानातलं आणि नळ्या तशाच, पण खाली चकतीच्या जागी धातूची छोटी डबी, डबीत पातळ पडदा, आणि डबीला आट्यांवर बसणारी स्टीलची सळई, वीतभरापेक्षा थोडी मोठी. सळईचं टोक जिथे टेकवाल तिथली थरथर पडद्यावर येते आणि नळीतून कानात. बस एवढंच. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, बिघडण्यासारखं काही नाही. बरेच महिने वापरतोय, स्वतःच्या गाडीवर आणि "जरा ऐक ना रे" म्हणत येणाऱ्या मित्रांच्या गाड्यांवर, आणि वस्तू झकास आहे, पण खोक्यावर जे लिहिलंय की इंजिनचा कुठलाही बिघाड ओळखा, ते साफ थापा आहेत. आवाज कुठून येतोय ते हा सांगतो, कशामुळे येतोय ते तुम्हालाच शोधायचंय. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात अर्ध्याहून जास्त भाग हा वापरायचा कसा याचाच आहे, कारण नुसतं "छान आहे, डिलिव्हरी वेळेत आली" असले रिव्ह्यू वाचून मी स्वतः वैतागलो होतो.

बॉनेट उघडून नुसत्या कानाने ऐकलं तर आवाज सगळीकडूनच येतोय असं वाटतं, कारण ब्लॉक, हेड, कव्हर सगळं एकमेकांना बोल्टने आवळलेलं असतं आणि धातूतून आवाज मस्त पसरतो. स्टेथोस्कोप लावला की पहिल्यांदा तर घाबरायलाच होतं, एकदम ठणठणीत इंजिनसुद्धा आतून खडखडाट केल्यासारखं ऐकू येतं, इंजेक्टरची कटकट, चेनची सळसळ, पंपाची घरघर. म्हणून एकाच जागी ऐकून काहीच ठरवू नका. एका सिलेंडरजवळ ऐका, मग शेजारच्या सिलेंडरजवळ बरोबर तशाच जागी ऐका, मग तिसऱ्या. चारपैकी तीन सारखे वाजतात आणि एक वेगळा वाजतो, तो तुमचा. जमलं तर आत्ता गाडी नीट असतानाच एकदा सगळीकडे ऐकून ठेवा म्हणजे उद्या काही झालं तर फरक कळेल. टोक नेहमी घट्ट धातूवर, बोल्टच्या डोक्यावर सगळ्यात बेस्ट. प्लास्टिकच्या कव्हरवर टेकवून काही कळत नाही आणि पत्र्याच्या ऑइल सम्पवर (इंजिनखालची ऑइल साठवायची टाकी) टेकवलं तर उलटंच होतं, पत्रा प्रत्येक आवाज मोठा करून ऐकवतो आणि माणसाला वाटतं खालून काहीतरी तुटलंय. सम्पऐवजी त्याच्या वरचा ब्लॉकचा जाड भाग धरा.

पण स्टेथोस्कोप बाहेर काढायच्याही आधी काही प्रश्नांची उत्तरं हवीत आणि माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. थंड असताना येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत रेस दिल्यावर येतो की फक्त चालताना लोडवर, म्हणजे इंजिनवर जोर पडताना? क्लच दाबला किंवा गियर टाकला की बदलतो का? एसी चालू-बंद केल्यावर? आणि इंजिनच्या आरपीएमबरोबर वाढतो की गाडीच्या स्पीडबरोबर, कारण स्पीडबरोबर वाढत असेल तर भाऊ तो इंजिनचा आवाजच नाही, चाकाकडे किंवा ड्राइव्ह शाफ्टकडे बघा. आणि हो, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी. ऑइल कमी असताना आवाज शोधत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, आधी लेव्हल बघा, टॉपअप करा, मग बघू.

आता लय. हे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) बरोबर निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे आयडलिंग ८०० आरपीएमला असेल तर क्रँक सेकंदाला साधारण १३ वेळा आणि कॅम साडेसहा-सात वेळा. टॅपेट, रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग) आणि व्हॉल्व्ह हे कॅमवर चालतात म्हणून एखादा टॅपेट वाजत असेल तर त्याची टकटक निम्म्या वेगाची, जरा सावकाश वाटणारी. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा), मेन बेअरिंग (क्रँक ज्यात फिरतो ते), फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक) हे क्रँकबरोबर, म्हणजे दुप्पट घाईचा आवाज. सेकंदाला १३ ठोके कोणी मोजू शकत नाही पण जुन्या गाड्यांवर टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकणारी लाइट) असेल तर ती एक नंबर सिलेंडरच्या वायरला लावा, ती दोन क्रँक फेऱ्यांमध्ये एकदा चमकते, एका चमकीला एक ठोका आला तर वरचं काम (व्हॉल्व्हकडचं), दोन ठोके आले तर खालचं (क्रँककडचं). फक्त काही इंजिनमध्ये एकच कॉइल दोन सिलेंडरला एकाच वेळी स्पार्क देते, तिथे लाइट प्रत्येक फेरीला चमकते आणि हा सगळा हिशोब गंडतो, हे लक्षात असू द्या. शिवाय एकापेक्षा जास्त टॅपेट सैल असतील तर आवाज एकमेकांत मिसळतात. पिस्टनच्या आवाजाला पण हा नियम नीट लागत नाही कारण तो मुख्यतः पॉवर स्ट्रोकलाच आपटतो. तर नियम ढोबळच आहे, पण वर शोधायचं की खाली एवढं ठरवायला पुरतो.

वरच्या आवाजात स्टेथोस्कोप एक नंबर. व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टवर एकेक करून टेकवत गेलं की सैल टॅपेट कुठल्या सिलेंडरचा ते लगेच कळतं. हायड्रॉलिक लिफ्टरवाली (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे टॅपेट असलेली) इंजिन सकाळी सुरू केल्यावर काही सेकंद टिकटिक करून गप्प होतात, रात्रीत लिफ्टरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं ते परत भरेपर्यंत तेवढं वाजतं, त्याचं टेन्शन नको. जास्त वेळ चालत असेल तर ऑइल, ऑइलचा ग्रेड आणि फिल्टर बघा, स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ऑइल परत वाहू न देणारा व्हॉल्व्ह धड नसतो आणि मग रोज सकाळी हेच. चेनचा आवाज वेगळा, पुढच्या कव्हरवर ऐकायचा, टकटकीपेक्षा साखळी फरफटल्यासारखा खरखराट, स्टार्टच्या वेळी जास्त, बऱ्याचदा टेन्शनरची (चेन ताणून धरणाऱ्या पार्टची) वाट लागलेली असते. डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनो, तुमच्या इंजिनची टिकटिक बऱ्याच अंशी नॉर्मल आहे, इंजेक्टर आणि कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप जन्मापासून तसेच वाजतात, सळई पंपावर टेकवून बघा आणि निवांत व्हा.

एक उपयोग खोक्यावर लिहिलेलाच नाही आणि तो मला सगळ्यात जास्त आवडला. सळई आट्यांवरून काढून टाका, डबीला नुसता रबरी पाइपचा तुकडा लावा (काही सेटमध्ये असं नळीचं टोक वेगळं मिळतं), आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलेंडरमधून धूर बाहेर नेणारा भाग) गॅस्केटच्या कडेकडेने फिरवा, न टेकवता. आता हा धातूची थरथर घेतच नाही, फक्त हवेतला आवाज घेतो. मॅनिफोल्डचा स्टड तुटलेला असेल किंवा गॅस्केट फुटलेलं असेल तर तिथून फट् फट् असा आवाज थेट कानात येतो. हा आवाज टॅपेटसारखाच हुबेहूब वाटतो, थंड असताना जास्त आणि धातू गरम होऊन फुगला की फट बुजते आणि कमी होतो, आणि नुसत्या कानाने ऐकून टॅपेट सेटिंग करायला निघालेले लोक मी बघितलेत. पाइप लावून ऐकलं की वाद मिटतो. इनटेकची हवा कुठे लीक होत असेल तर तीही अशीच सापडते, तिथे फुसफुस येते. मॅनिफोल्ड प्रचंड तापतो, रबर आणि हात दोन्ही सांभाळा.

बेल्टवरचं सामान पण असंच, अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, टेन्शनर, वॉटर पंप, प्रत्येकाच्या न फिरणाऱ्या बॉडीवर टेकवा, ज्याचं बेअरिंग गेलंय तो घरघरतो. खात्री करायची तर बेल्ट काढून थोडा वेळ इंजिन चालू करा, आवाज गेला तर इंजिनचा दोष नाही. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर अगदी थोडाच वेळ.

आता ज्याला सगळे घाबरतात ते, रॉड नॉक. जड, खोलवरचा ठक ठक. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये फट असते मिलिमीटरच्या काही शतांश इतकी, तेवढ्यात ऑइलचा थर बसलेला असतो, ती वाढली की रॉड क्रँकवर आपटायला लागतो. ओळखायची पद्धत अशी की इंजिन गरम करून रेस २०००-२५०० पर्यंत न्यायची आणि सोडायची, लोड उतरतो त्या क्षणी ठोके एकदम स्पष्ट येतात. स्टेथोस्कोप इथे एवढंच सांगतो की आवाज खाली आहे आणि अंदाजे कुठल्या सिलेंडरच्या बाजूला. पुढचं काम सिलेंडर बंद करून करायचं. पेट्रोल इंजिनला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा, तो सिलेंडर मेला की त्याच्या रॉडवर जोर पडत नाही आणि ठोका कमी होतो. स्पार्क काढण्यापेक्षा इंजेक्टर काढणं बरं, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तो खराब होतो. मिसफायरचा कोड येईल, नंतर स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) काढून टाका. मेन बेअरिंगचा आवाज त्याहून जाड, लोडवर धबधब, आणि एक सिलेंडर बंद करून त्यात फारसा फरक पडत नाही. पिस्टन पिनचा आवाज हलका, टोकदार, आयडलिंगला दोनदा लागोपाठ टक-टक, आणि गंमत म्हणजे सिलेंडर बंद केल्यावर कधीकधी वाढतो. पिस्टन स्लॅप थंडीत मोठा, गरम झाल्यावर पिस्टन प्रसरण पावून फट कमी होते आणि आवाज मावळतो, असा आवाज असलेल्या गाड्या वर्षानुवर्षं चालतात.

पण खाली आवाज ऐकू आला म्हणून लगेच इंजिन उतरवू नका. फ्लायव्हीलचे बोल्ट सैल झाले किंवा ऑटोमॅटिक गाडीची फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) तडकली तर अगदी रॉड नॉकसारखंच वाजतं, चांगले चांगले फसतात. इथे स्टेथोस्कोपने पैसे वसूल केले असं मी म्हणेन. एका मित्राच्या गाडीला "इंजिनचं पूर्ण काम निघालंय" असं सांगितलं होतं, आम्ही ब्लॉकवर ऐकलं तर ठोका होता पण दबलेला, आणि सळई मागे गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगवर (इंजिनला जोडलेलं पुढचं कवच) टेकवली तर कानठळ्या बसल्या. फ्लेक्सप्लेटच निघाली. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असेल तर आयडलिंगला आणि इंजिन बंद करताना खडखड येते, क्लच दाबला-सोडला की बदलते, हे पण बघा.

आणि खरंच बेअरिंगचाच संशय असेल तर पुढची हत्यारं वेगळी आहेत. ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावा, इंजिन गरम असताना दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना ठोकताळा, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच खरा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, तो बहुतेक गाड्यांत प्रेशर पार तळाला गेल्यावरच पेटतो. जुना ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा, चमचम कण दिसले तर चुंबक फिरवा, चिकटले तर लोखंड, न चिकटता तांबूस किंवा करडे राहिले तर बेअरिंगचा थर निघतोय. अशा वेळी अजून एकदा ऐकू या म्हणत इंजिन चालू ठेवायचं नाही, टो करून न्या.

आता हा जिथे अजिबात कामाचा नाही ते, आणि खरं तर नॉकिंग म्हणून सगळ्यात जास्त लोक हेच सांगतात. चढावर, वरच्या गियरमध्ये, कमी आरपीएमला एक्सलेटर दाबला की खणखण किंवा डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो ना, तो कुठल्या पार्टचा नाहीच. स्पार्कनंतर ज्योत पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहूनच पेटतं, दाबाच्या लाटा आत आपटतात आणि सिलेंडर वाजतो, नेहमीच्या कारच्या सिलेंडरमध्ये साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झला. उभ्या गाडीत बॉनेट उघडून तो येतच नाही मग ऐकणार काय, आणि चालत्या गाडीत बॉनेटमध्ये कोणी डोकं घालू नये हे सांगायला नको. त्याच्यासाठी ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, आत पिझो क्रिस्टल, तो ही फ्रीक्वेन्सी पकडतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशनचं टायमिंग मागे घेतो, म्हणजे स्पार्क जरा उशिरा देतो. ओबीडी स्कॅनरवर लाइव्ह डेटामध्ये टायमिंग बघा, लोडवर टायमिंग सारखं मागे पळत असेल तर सेन्सरला काहीतरी ऐकू येतंय. घरच्या घरी टेस्ट पण सोपी आहे, टाकी संपत आली की जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, आवाज गेला किंवा खूप कमी झाला तर तो हाच, काहीच फरक नाही तर यांत्रिक. कारणं बघायची तर कमी ऑक्टेन, चेंबरमधला कार्बन, जास्त गरम होणारं इंजिन, चुकीच्या हीट रेंजचा प्लग, पुढे गेलेलं टायमिंग. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये कमी आरपीएमला जास्त जोर मागितला तर स्पार्कच्या आधीच पेट घेण्याचा प्रकार होतो, एकच जबरदस्त धडाका, पिस्टन फुटू शकतो, २०२० साली आलेल्या एपीआय एसपी ग्रेडच्या ऑइलमध्ये याचा खास विचार केलाय, तर ऑइल घेताना डब्यावर बघा.

यात एक गमतीचा गुंता असा की एखादा सैल ब्रॅकेट किंवा वाजणारा टॅपेट नॉक सेन्सरला खोटाच नॉक ऐकवतो, ईसीयू टायमिंग मागे घेतो, पिकअप जातो, आणि माणूस पेट्रोलला शिव्या घालत बसतो. तो सैल ब्रॅकेट मात्र स्टेथोस्कोपने सापडतो.

डिझेलवाल्यांना थोडी वेगळी सूचना. डिझेल मुळातच ठोकतं, फवारा पडल्यापासून पेटेपर्यंत जो क्षणभर उशीर होतो तेवढ्यात साठलेलं डिझेल एकदम भडकतं म्हणून. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर पाइपमधून डिझेल देणारी पद्धत) आधी छोटा फवारा मारून हे बरंच कमी केलंय. त्यामुळे जुना आवाज सोडा, नव्याने एकाच सिलेंडरचा वाढलेला आवाज शोधा, बऱ्याचदा इंजेक्टर असतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनला इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून सिलेंडर बंद करायची पद्धत आहे, ती कॉमन रेलवर चुकूनही करू नका, तिथे प्रेशर १६०० बार आणि त्याच्याही वर जातं, बारीक धार कातडीतून आरपार आत जाते. चालू इंजिनात इंजेक्टरचा कनेक्टर पण ओढू नका, व्होल्टेज जास्त असतो, स्कॅनरवरून सिलेंडर बंद करायची सोय असते ती वापरा.

आता वस्तूच्या तक्रारी. कानातले प्लास्टिकचे गोळे भयंकर आहेत, कडक आहेत आणि थोड्या वेळात कान दुखतो. मी मऊ सिलिकॉनचे बदलून टाकले, आवाज पण जास्त आला कारण बाहेरचा गोंगाट बंद झाला. नळ्या आखूड आहेत, खाली वाकून ब्लॉकच्या बाजूला ऐकताना डोकं नको तिथे जातं. सळईचे आटे वापरता वापरता सैल होतात आणि मग सळईच किरकिरते, तो आवाज इंजिनचा समजू नका, दर वेळी आधी पिळून घट्ट करा. काही मॉडेलमध्ये सळईला इन्सुलेटेड मूठ नसते, तसला घेऊच नका, कॉइल आणि प्लग वायरच्या आसपास झटका बसेल. हायब्रिडमध्ये नारिंगी केबलच्या जवळपास सळई न्यायचीच नाही. नळ्या गळ्यात लोंबत असतात आणि बेल्ट फिरत असतो, लोंबणारं काहीही बांधून घ्या, आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असताना पण अचानक सुरू होऊ शकतो.

लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून हेच होतं की, असं कोणीतरी म्हणणारच. होतं, मीही करायचो, पण दांडा कवटीच्या हाडाला टेकवून चालत्या बेल्टवर वाकायचं आणि बाहेरचा आवाज दुसऱ्या कानात जातच असतो, त्यामुळे दोन सिलेंडरमधला बारीक फरक कळत नाही. मोबाइलने रेकॉर्डिंग करून पाठवणाऱ्यांना तर काय सांगायचं, फोन स्वतःच आवाज साफ करतो आणि खालचा जाड ठोका बहुतेक वेळा गायबच असतो, त्यावरून टॅपेट की बेअरिंग विचारू नका. इलेक्ट्रॉनिक प्रकार पण मिळतो, क्लिपवाले वायरलेस माइक वेगवेगळ्या जागी लावायचे आणि हेडफोनवर एकेक चॅनल ऐकायचा, तो चालत्या गाडीत वापरता येतो, माउंटिंग, सस्पेन्शन, व्हील बेअरिंगसाठी खरंच भारी आहे, पण गॅरेज चालवत असाल तरच परवडेल, उभ्या गाडीतल्या टकटकीला साध्या सळईवाल्यापेक्षा फार जास्त काही देत नाही.

घेताना मुठीला इन्सुलेशन आहे का, सळई आट्यांची आहे का आणि सोबत नळीचं टोक मिळतंय का एवढंच बघा, ब्रँडने फारसा फरक पडत नाही. पाचपैकी चार. एक तारा कानातल्या गोळ्यांचा आणि खोक्यावरच्या थापांचा कापला.